नाकातून वायर लोंबणाऱ्या गाड्या

कॅनडातल्या विनिपेगला किंवा सास्काटूनला जानेवारीत पहिल्यांदाच गेलेल्या माणसाला वाटतं, इथे साऱ्याच गाड्या विजेवर चालतात की काय! चांगल्या जुन्यापान्या पेट्रोल गाडीच्याही पुढच्या जाळीतून तीन पिनांचा प्लग लोंबत असतो आणि पार्किंगमध्ये ओळीने खांब रोवून त्यांवर सॉकेट बसवलेले असतात. गाड्या पेट्रोलच्याच. वीज लागते ती त्यांना जाग आणायला.

उणे तीस अंशांत इंजिनाची चहूबाजूंनी कोंडी होते. ऑईल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायलाच जास्त जोर लागतो आणि नेमकी त्याच वेळी बॅटरी नांगी टाकते. उणे अठराच्या आसपासच तिची सेल्फ मारायची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. पेट्रोलची धड वाफ होत नाही. डिझेलमध्ये तर मेणाचे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो. लडाखच्या ड्रायव्हरांना हे कुणी सांगायला नको. इंडियन ऑईलने २०१९ साली त्यांच्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी. अलास्कातले जुने वैमानिक संध्याकाळी विमानाचं ऑईल काढून घरात घेऊन जात, शेगडीजवळ ठेवत आणि सकाळी गरम गरम पुन्हा इंजिनात ओतत.

या कटकटीतून सुटका करणाऱ्यांत अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातले अँड्र्यू फ्रीमन हे मोठं नाव. इंजिनाच्या डोक्यावरचा एक बोल्ट काढून त्याजागी विजेने तापणारा बोल्ट बसवायचा, ही त्यांची युक्ती. १९४९ साली तिचं पेटंट मिळालं. गृहस्थ होते वीजपुरवठा करणाऱ्या सहकारी संस्थेचे व्यवस्थापक! आपल्या मालाला गिऱ्हाईक शोधावं तर असं. आजचा ब्लॉक हीटर बहुधा थेट कूलंटमध्ये बुडालेला असतो, साधारण ४०० ते १००० वॉटचा. त्याला पंप लागत नाही. तापलेलं कूलंट आपोआप वर चढतं, गार खाली येतं आणि इंजिन बंद असतानाच आतल्या आत अभिसरण सुरू राहतं.

खरी गंमत पुढे आहे. हीटर रात्रभर लावला म्हणून इंजिन सकाळी दुप्पट गरम मिळत नाही. गळक्या बादलीवर नळ सोडला, की पाणी काही वेळ चढतं आणि मग जितकं येतं तितकंच गळत राहतं, पातळी तिथेच. इंजिन जसजसं गरम होतं तसतशी त्याची उष्णता बाहेरच्या गारठ्यात अधिक वेगाने पळते. काही तासांनी हीटरची सगळी वीज फक्त अंगण तापवण्यात जाते. म्हणूनच कॅनडाचं सरकार सांगतं, टायमर लावा आणि निघण्याच्या दोनेक तास आधी हीटर सुरू होऊ द्या. ५०० वॉटचा हीटर दहा तास चालला तर पाच युनिट जळतात, तीन तासांत दीडच. शंभर रात्रींत एका गाडीमागे साडेतीनशे युनिटांचा फरक! आणि उणे वीसमध्ये इंजिन आधी तापवून घेतलं तर इंधनातही दहा टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, ती वेगळीच.

म्हणजे सगळी अक्कल ‘कधी’ या प्रश्नात आहे. साध्या टायमरला घड्याळ कळतं, हवा कळत नाही. फोनवरून चालणाऱ्या स्मार्ट प्लगला दोन्ही कळवता येतं. पहाटे उणे दहा असेल तर तासभर, उणे तीस असेल तर चार तास, असा नियम एकदा घालून दिला की हवामानाचा अंदाज बघून तो आपला आपण ठरवतो. ऑफिसला सुट्टी जाहीर झाली? पांघरुणातूनच हीटर रद्द. तुमच्या बोटाचा इशारा कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर जाऊन परत तुमच्याच अंगणात येतो आणि शेवटी काय होतं, तर प्लगमधला रिले ‘टक्’ करतो. रिले म्हणजे विजेने चुंबक जागा करून दुसरं सर्किट जोडणं. ही करामत तारायंत्राच्या काळातली. इतका लांबचा प्रवास करून शेवटचं काम एकोणिसाव्या शतकाकडेच!

मला मात्र याहून मोलाची वाटते ती वॉट मोजायची सोय. ब्लॉक हीटर मुका असतो. ना दिवा, ना आवाज. वायर तुटली, कॉइल जळाली किंवा रात्री प्लग लावायचाच राहिला, तरी सकाळी सेल्फ मारेपर्यंत पत्ता लागत नाही. वीज मोजणारा प्लग असेल तर फोनवर ४८०च्या जागी शून्य दिसतं आणि हातात अजून दोन-तीन तास असतात.

आता भानगडी. अनेक स्मार्ट प्लग स्वतःच फक्त उणे वीसपर्यंतच्या थंडीसाठी बनवलेले असतात. ज्या गारठ्याशी लढायला नेमले, त्यातच मान टाकायचे. बाहेर लावायचा तर तसाच बनवलेला घ्यावा, नाहीतर गॅरेजच्या आत लावून बाहेरपर्यंत थंडीतही लवचीक राहणारी, अर्थिंगची जाड केबल ओढावी. इंजिनाबरोबर गाडीच्या आतला हीटरही त्याच प्लगवर टाकला, तर त्याची अँपिअरची मर्यादा सहज ओलांडली जाते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणखी एक फसगत होते. भार कमी ठेवायला तिथे पुष्कळदा वीज आळीपाळीने चालू-बंद करतात. दर वेळी प्लगला पुन्हा वाय-फाय शोधावं लागतं, आणि वीज परतल्यावर ‘बंद’च राहायची सवय त्याला असेल, तर इंजिन गारच. म्हणून घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: वीज गेल्यावर हा आधीची स्थिती लक्षात ठेवतो का, आणि वेळापत्रक याच्या स्वतःच्या पोटात असतं की फक्त सर्व्हरवर? कारण बर्फाच्या वादळात इंटरनेट गेलं, तरी पोटात वेळापत्रक असलेला प्लग ठरल्या वेळी आपला ‘टक्’ करतोच.