सार्वत्रिक सेवा निधी आणि सातपुड्यातील गावे

बुऱ्हाणपूर शहरात, ताप्तीच्या राजघाट परिसरासारख्या दाट वस्तीत, दूरसंचार कंपन्या आपणहून टॉवर उभारतात. कारण तेथे ग्राहक आहेत. याच जिल्ह्यातील नेपानगर व खकनार तहसिलींत सातपुड्याच्या उतारांवर कोरकू, भिलाला, बारेला समाजांच्या विखुरलेल्या वस्त्या आहेत. तेथे टॉवरचा खर्च भरून निघेल इतके उत्पन्न मिळणे कठीण. हा तोटा भरून काढण्यासाठीच सार्वत्रिक सेवा दायित्व निधीची योजना झाली.

१९९९ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात या निधीची कल्पना मांडली गेली. १ एप्रिल २००२ पासून तो अमलात आला व २००३ च्या दुरुस्ती कायद्याने त्यास वैधानिक आधार मिळाला. कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के रक्कम यासाठी घेतली जाते. म्हणजे हा पैसा अखेर फोन वापरणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातूनच जातो. खेड्यांवर केलेली ती मेहेरबानी नव्हे. प्रारंभी भर ग्रामीण सार्वजनिक टेलिफोनवर होता. २००६ मध्ये कायदा बदलून मोबाईल व ब्रॉडबँडलाही अनुदान खुले झाले. सर्वांत कमी अनुदान मागणाऱ्या कंपनीस काम द्यायचे, अशी ही पद्धत.

अडचण अशी की, जमा रक्कम प्रथम भारताच्या संचित निधीत जाते आणि संसदेच्या मंजुरीनंतरच खर्चासाठी मिळते. परिणामी तिचा मोठा भाग वर्षानुवर्षे पडून राहिला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. नाव बदलले तरी ही वाट मात्र तीच आहे.

या निधीतील सर्वांत मोठे काम भारतनेटचे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या या प्रकल्पाने ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेली. पण बरीचशी केबल एकाच रेषेत टाकलेली होती. रस्त्याच्या खोदकामात ती एका जागी तुटली की पुढच्या सगळ्या पंचायती बंद! बुऱ्हाणपूरकरांना हे कुंडी भंडाऱ्याच्या उदाहरणाने चटकन समजेल. अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याचे झिरपलेले पाणी भुयारातून शहराकडे आणणाऱ्या या योजनेत ठिकठिकाणी कुंड्या आहेत. त्यांतून खाली उतरून भुयार साफ करता येते. देखभालीची सोय बांधणाऱ्यांनी आधीच करून ठेवली होती. भारतनेटमध्ये ती फार उशिरा आली: ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात केबलची वर्तुळाकार जोडणी आणि दहा वर्षांची देखभाल यांचा समावेश झाला. वर्तुळात एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने जोडणी टिकते.

अध्यापकांच्या दृष्टीने खरा प्रश्न पंचायतीच्या कचेरीपुढचा आहे. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा अर्ज हे सारे ऑनलाईन झाले आहे. ओटीपी वेळेत न आल्याने अर्ज अपुरा राहिला तर पात्र विद्यार्थिनीचे वर्ष वाया जाऊ शकते, आणि कागदोपत्री तिचे गाव ‘जोडलेले’च असते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातील सर्व शासकीय माध्यमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्रांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. संस्थाचालित शाळा व महाविद्यालये यांचा त्या घोषणेत उल्लेख नव्हता. तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांच्या गावांतील पंचायतीची जोडणी प्रत्यक्ष चालू आहे की नाही, याची गाववार नोंद महाविद्यालयांनीच प्रवेशाच्या वेळी ठेवावी आणि अर्जांच्या मुदतीपूर्वी ती जिल्हा प्रशासनाकडे द्यावी.