फरदड मोडल्याशिवाय गुलाबी अळी हटणार नाही

ऑगस्टमध्ये कपाशी फुलोऱ्यावर आली, की काही फुले उमलतच नाहीत. पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या राहतात. हीच डोमकळी. ती बोटांनी उकलून पाहा: आत परागकण खात बसलेली गुलाबी बोंडअळी दिसेल. तिची पुढची पिढी बोंडात शिरते आणि शिरल्यावर छिद्र बुजते. बोंड वरून धडधाकट, आत मात्र सरकी पोखरलेली. मग फवारा पोचणार कुठे?

अळीला मारणारे विष तयार करणारे जनुक घातलेली बीटी कपाशी आपल्याकडे 2002 मध्ये आली, दोन जनुकांची 2006 मध्ये. पहिल्या जनुकाला ही अळी दाद देत नाही, हे 2010 पर्यंत गुजरातेत दिसून आले आणि 2017 मध्ये विदर्भाने दोन्ही जनुके हरलेली पाहिली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती माणसे विसरून या अळीबद्दल बोलता येत नाही.

जनुके हरली कशी? आपल्याकडे संकरित वाण. त्याच्या बोंडातल्या प्रत्येक सरकीत दोन्ही जनुके उतरत नाहीत. सरासरी सोळांतली एक दोन्हींविना असते. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी दाणे मिळाले, तर चिवट अळ्याच निवडून उरतात. अशा चिवट अळ्या वाढू नयेत म्हणून बिगर-बीटी बियाण्याची सोबतची पुडी बांधावर पेरायची असे, तीही बहुतेकदा पडून राही.

पण या अळीची एक मोठी अडचण आहे: कपाशीवाचून तिचे फारसे भागत नाही. डिसेंबरअखेर पीक संपवून पऱ्हाटी काढली, शेतात शेळ्या-मेंढ्या चारल्या, तर तिची साखळी तुटते. ओलित देऊन मार्चपर्यंत फरदड, म्हणजे तेच जुने पीक, ठेवली, की तिला पुढच्या हंगामापर्यंत पोसल्यासारखे होते. पाळतीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले, तर फवारणीचा विचार करावा. अमेरिकेने बीटी, कामगंध, वांझ पतंग आणि पीक वेळेत काढण्याची सक्ती एकत्र लावून 2018 मध्ये ही अळी संपल्याचे जाहीर केले.

आपला शेतकरी फरदड ठेवतो ती हौसेने नव्हे. पहिल्या वेचण्यांचा पैसा देण्यांतच जातो, हाती उरतो तो शेवटचा कापूस. त्याला 'फरदड घेऊ नका' सांगताना लवकर येणारे, दाट लावता येणारे सरळ वाणही द्यायला हवेत, आणि तेही पेरणीच्या आधी, गावातल्या कृषी केंद्रात.