पावसचं घर विकताना, भाड्यानं देताना

पावसला घर विकायला निघालेल्या माणसाच्या हाती बहुधा दोन वस्तू असतात: जांभ्याचं जुनं घर आणि भोवतीची कलमांची बाग. खरेदीखत एकच होतं, त्यात रक्कमही एकच पडते, आणि नको तेवढा कर तिथंच लागतो. रत्नागिरीएवढ्या लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून २ किलोमीटरपलीकडची शेतजमीन आयकराच्या लेखी भांडवली मालमत्ता नसते. पावस त्या हद्दीच्या कितीतरी बाहेर आहे. म्हणजे खरोखर कसली जाणारी बाग विकली तर नफ्यावर भांडवली कर नाही. घर आणि घराखालच्या बिनशेती जागेवर मात्र आहे. म्हणून दोन्हींची किंमत खतात वेगळी लिहून घ्यावी. सातबाऱ्यावर आंब्याची पीकपाहणी लागलेली आहे ना, तेही आधी बघावं. सगळी किंमत बागेवर ढकलून घर मातीमोल दाखवू नये. तिथं सरकारी मूल्यांकन आडवं येतं.

आता घराचा हिशोब. आजोबांनी बांधलेल्या घराचा खर्च कुणाला ठाऊक? कायद्यानं त्यावर सोय ठेवली आहे: १ एप्रिल २००१ चा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो. तो नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्यावा. त्या दिवसाचं मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल तर त्याहून जास्त धरता येत नाही. समजा हा भाव ६ लाख निघाला आणि घर २०२५-२६ मध्ये ४० लाखांना गेलं. सरळ नफा ३४ लाख, त्यावर १२.५ टक्क्यांनी ४ लाख २५ हजार कर. दुसरी वाट महागाई निर्देशांकाची. त्या वर्षीचा निर्देशांक ३७६, म्हणून ६ लाखांचे २२ लाख ५६ हजार होतात. नफा १७ लाख ४४ हजार उरतो आणि २० टक्क्यांनी कर ३ लाख ४८ हजार ८००. अधिभार व उपकर वेगळे. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या घराला यातली स्वस्त वाट निवडता येते, पण फक्त भारतात निवासी असलेल्यांना. दुबईतल्या भावाला ती मुभा नाही, हे वाटणीच्या बैठकीतच बोलून घ्यावं.

हा करही वाचू शकतो. विक्रीनंतर २ वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा ३ वर्षांत बांधलं, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यापुरती सूट मिळते. विक्रीआधी वर्षभरात घेतलेलं घरही चालतं. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे खर्ची पडले नाहीत तर ते बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. साध्या बचत खात्यात राहिले तर सूट हातची जाते. प्रत्येक हिस्सेदारानं आपापल्या वाट्यापुरता हिशोब करायचा.

विकायचं नसेल आणि स्वामी स्वरूपानंदांच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या ओघामुळे गावात भाडेकरू मिळत असेल, तर गणित सोपं आहे. वर्षाचं भाडं ७२ हजार, मालकानं भरलेली घरपट्टी २ हजार. उरले ७० हजार. त्यातून ३० टक्के सरसकट वजावट, पावती मागितली जात नाही. ४९ हजार उत्पन्नात धरायचे. रोजच्या भाड्यानं खोल्या, जेवणखाण दिलं तर तो व्यवसाय ठरतो आणि ही ३० टक्क्यांची वजावट मिळत नाही. मुंबईची खोली आणि पावसचं बंद घर, एवढीच दोन घरं असतील तर भाड्यापोटी काहीच धरलं जात नाही.

वजावट भरलेल्या घरपट्टीचीच मिळते, थकलेल्या नव्हे. म्हणून ग्रामपंचायतीची पावती वर्षाच्या वर्षाला जपावी. असेसमेंटचा उतारा, म्हणजे नमुना ८, कर कुणाकडून घ्यायचा एवढंच सांगतो, मालकी सिद्ध करत नाही. वारसाची नोंद आणि खरेदीखत नसताना केवळ त्या उताऱ्यावर इसार घेऊ नये.