पोट भरलं, पण हाडं उपाशी

आज आपण गोठ्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उपासमारीबद्दल बोलू.

आपल्या मंद्रूप भागात जनावराला ज्वारीचा कडबा असतो आणि ऊसतोड सुरू झाली की उसाचं वाढं. दावण भरलेली, म्हैस निवांत रवंथ करतेय, म्हणजे पोट भरलं असं आपण धरतो. पण तीच म्हैस भिंत चाटते, चप्पल चघळते, वेळेवर माजावर येत नाही. आपण म्हणतो, खोड लागली. पण कधी पोटात जंत असतात, तर कधी अंगात खनिजं कमी पडलेली असतात.

चाऱ्यात खनिजं येतात ती जमिनीतून. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात फॉस्फरस आणि जस्त असलं तरी मुळांना सहज मिळत नाही. वाळल्या कडब्यात तर फॉस्फरस मुळातच थोडा. वाढ्याचं दुखणं वेगळं. त्यात ऑक्झॅलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. म्हशीच्या एका लिटर दुधात दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. चाऱ्यातून ते मिळालं नाही, तर ती स्वतःच्या हाडांतून काढून देते.

व्यायल्यावर दूध एकदम वाढतं, तेव्हा हे अंगाशी येतं. जनावर बसतं ते उठत नाही, कान गार पडतात, मान कुशीकडे वळते. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग गारच लागतं. अशा वेळी तोंडातून काही पाजू नका, ते फुफ्फुसात जातं. लगेच डॉक्टरांना बोलवा किंवा १९६२ ला फोन करा. वेळेत सलाईनमधून कॅल्शियम मिळालं तर म्हैस उठते. उशीर झाला तर एका रात्रीत घरचं दूध जातं, आणि कर्जाचा हप्ता मात्र राहतो.

म्हणून आधीच सांभाळू. नुसतं वाढं घालू नका. कडबा आणि लसूणघास किंवा चवळीसारखा हिरवा चारा मिसळा. आंबोणात रोज खनिज मिश्रण घाला. मोठ्या जनावराला साधारण ५० ग्रॅम, दूध जास्त असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवा. मीठ वेगळं द्यायचं. मीठ म्हणजे खनिज मिश्रण नव्हे. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम कमी. मेंढरांच्या बिऱ्हाडाबरोबर चालणाऱ्या घोड्याला सतत कोंड्यावरच ठेवलं, तर त्याच्या तोंडाची हाडं फुगतात. तेव्हा कोंडाही बेतानेच.

खनिज मिश्रण एकटीने घेण्यापेक्षा गटातून मिळून घेऊ. पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीत एक रकाना वाढवा: कोणाची म्हैस कधी व्याली, पुन्हा माजावर कधी आली. सहा महिन्यांनी वहीच आपल्याला सांगेल.