वजाबाकीतला एलडीएल

गारखेड्यात सकाळी सातला एखाद्या लॅबसमोर उभं राहिलं की उपाशीपोटी आलेली मंडळी दिसतातच. संध्याकाळी मोबाइलवर कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट येतो आणि सगळ्यांचं बोट आधी एलडीएलवर, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलवर जातं. गंमत अशी, की बऱ्याच ठिकाणी हा आकडा मोजलेला नसतोच. वजाबाकीने काढलेला असतो. समजा, एकूण कोलेस्टेरॉल २१०, ‘चांगलं’ एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी २४०. या २४० चा पाचवा भाग ४८. २१० मधून ३८ आणि ४८ गेले, उरला एलडीएल १२४. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे गणित कोलमडतं.

आपल्याकडे ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी, हाच नमुना फार. अशा रक्तात एलडीएलचे कण बारीक, पण संख्येने जास्त असतात. आकडा सभ्य दिसतो. धमनीच्या भिंतीत शिरणारे मात्र पुष्कळ. ते मोजायचे तर अ‍ॅपो-बी तपासावं, कारण प्रत्येक कणावर या प्रथिनाचा एकच रेणू असतो.

एलडीएलसारखाच आणखी एक कण म्हणजे लायपोप्रोटीन-ए. ते नॉर्वेच्या कारे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलं. ते वारशाने येतं, पथ्याने फारसं हलत नाही. बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. वडिलांना किंवा भावाला कमी वयात झटका आला असेल, तर डॉक्टरांकडे हा विषय जरूर काढा.

ट्रोपोनिन या प्रथिनाची जात या सगळ्यांपेक्षा वेगळी. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर ते रक्तात उतरतं, वाढायला काही तास लागतात. तेव्हा छातीत कळ येऊन घाम सुटला, तर लॅबची रांग धरू नका. १०८ ला फोन करा आणि आधी ईसीजी काढून घ्या.