लोहचुंबक, टेप आणि साबणाची वडी

समजा, भोपाळच्या तुलसी नगरात जुन्या सरकारी क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीतून तुम्ही चालला आहात. कडुलिंबाखाली एक गाडी ताडपत्री पांघरून बसली आहे. कोपरा उचलता, तर आत चौकोनी, मळकट हिरवा पत्रा. नाव नाही, नंबर नाही, कागदपत्रं कधीच वाळवीच्या पोटात गेलेली. ‘जुनी जीप असेल,’ म्हणून पुढे निघू नका. आधी एक लोहचुंबक आणा.

मडगार्डवर लावा. घसरून पडलं? आता खाली वाकून चासीला लावा. घट्ट चिकटलं! जीपचा पत्रा पोलादाचा, त्याला चुंबक चिकटलं असतं. वर अ‍ॅल्युमिनियम आणि खाली पोलाद असेल, तर बहुधा तुमच्यासमोर लँड रोव्हर उभी आहे.

पण गाडीला अ‍ॅल्युमिनियम लावायचं कुणाला सुचलं? सुचलं नाही, नाइलाजाने लावावं लागलं! महायुद्ध जिंकलेल्या ब्रिटनमध्ये पोलादावर रेशन होतं. विमानांचे कारखाने मात्र थंडावले होते, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम हवं तेवढं मिळत होतं. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर लष्कराची जुनी जीप वापरायचे. 1947 साली अँगलसी बेटाच्या किनाऱ्यावर त्यांनी वाळूत नव्या गाडीची आकृती काढली. पत्रे सपाट ठेवले, कारण गोलाई आणायची तर महागडे साचे हवेत. चासीसाठी पोलादाच्या चार सपाट पट्ट्या जोडून लांबट पेटी केली. रंगसुद्धा लष्कराच्या शिल्लक साठ्यातला! 30 एप्रिल 1948 रोजी गाडी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात उभीही राहिली. ज्याला आपण रुबाब म्हणतो, ती खरं तर काटकसर होती.

आता शिंप्याची टेप घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. 80 इंच भरलं, तर गाडी पहिल्या पिढीतली, 1948 ते 1953 मधली. 86 भरलं, तर त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. आणि 88 भरलं, तर 1956 किंवा त्यानंतरची. झाडाचं वय खोडातल्या वर्तुळांवरून कळतं, हिचं इंचांवरून!

त्यातही शेवटच्या दोन इंचांची गोष्ट ऐका. कंपनी डिझेल इंजिन आणणार होती आणि त्याला जास्त जागा लागणार होती. ते इंजिन आलं 1957 मध्ये, जागा मात्र वर्षभर आधीच करून ठेवलेली. म्हणजे 1956 ची पेट्रोल गाडी दोन इंच रिकामी जागा घेऊन फिरत होती. बाळाच्या आधी पाळणा!

88 नंतर टेप गप्प होते. मग चेहरा पाहा. कुशीला वरच्या बाजूने किंचित गोलाई असेल, तर गाडी 1958 नंतरची. दिवे नाकाजवळ दाटीने बसले असतील, तर साठच्या दशकाअखेरच्या आधीची. ते मडगार्डवर सरकले असतील, तर त्यानंतरची. जाळी प्लास्टिकची असेल, तर 1971 नंतरची.

ओळख पटली, आता दुरुस्ती. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, मग पत्र्याच्या कडेला ही पांढरी भुकटी कसली? शाळेतला विद्युतघट आठवा: दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट पाणी. अ‍ॅल्युमिनियमला पोलाद भिडलं आणि फटीत पावसाचं पाणी शिरलं, की तिथे तसाच चिमुकला घट तयार होतो. त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. म्हणून जाणते कारागीर जोडताना मध्ये अस्तर घालतात, दोन धातूंची गाठच पडू देत नाहीत. पोलादी चासीचं दुखणं वेगळं. पेटीत चिखल साचतो आणि ती आतून गंजते. बाहेरून पाहावं तर ठणठणीत.

आणि पोचा काढायचा? तार पुन्हापुन्हा वाकवली की कडक होऊन मोडते, तसा ठोकून ठोकून हा पत्राही कडक होतो आणि तडकतो. तापवला की पुन्हा मऊ होतो. पण किती तापवायचा? लोखंड लाल होऊन इशारा देतं. अ‍ॅल्युमिनियम काहीच सांगत नाही आणि अचानक वितळतं. मग कारागीर काय करतो? पत्र्यावर साबणाची वडी घासतो! खालून आच द्यायची आणि साबण तपकिरी-काळा झाला की थांबायचं. लोणी कढवताना बेरीचा रंग पाहून आपण गॅस बंद करतो ना, अगदी तसंच. साबणच थर्मामीटर!

अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या प्रदर्शनातली एक गाडी पुढे बेपत्ता झाली. 2016 मध्ये ती सापडली कुठे? जिथे जन्मली त्या सॉलिहलपासून काही मैलांवर, एका बागेत. 2018 मध्ये कंपनीने तिचा जीर्णोद्धार जाहीर केला. तोवर कंपनी कुणाची झाली होती? आपल्या टाटा मोटर्सची, 2008 पासून! इंग्रज भारतातून गेल्यावर आठ महिन्यांनी जगासमोर आलेली ही गाडी. 2011 पासून तिच्या धाकट्या बहिणी पुण्यात जुळू लागल्या.

आता पुन्हा त्या कडुलिंबाखाली या. लोहचुंबकाने तिचं कूळ सांगितलं, टेपने वय आणि साबण तिचे पोचे काढायला तयार आहे. तिन्ही वस्तू घरातच सापडतात. टंचाईत जन्मलेल्या गाडीला याहून जास्त लाड परवडलेही नसते.