सेन्सरखालची कातडी

मधुमेहाचा सेन्सर दंडावरून काढल्यावर खाली जे दिसतं, ते दिवसाच्या उजेडात नीट बघावं. दहाच्या नाण्याहून मोठं एक गोल. मधोमध सुईच्या टोकाएवढा ठिपका. कडेला गोंदाची काळपट रेघ, तिच्यात साडीचे धागे आणि पावडर अडकलेली. हे गोल कधी नुसतं गुलाबी असतं आणि संध्याकाळपर्यंत मावळतं. कधी त्याच्या आत घामोळ्यांसारखं बारीक पुरळ असतं. आणि कधी लाली गोलाच्या बाहेर पसरलेली असते, पाणी धरलेले फोड असतात, लस येत असते. या तीन खुणांची कारणं वेगवेगळी आहेत, त्यामुळे तिन्हींवर घरातलं एकच मलम चोळून भागत नाही. शेजारीपाजारी मात्र तिन्हींना एकच सल्ला मिळतो: थोडं सोसा, सवय होईल. हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

माझ्या आईला इन्सुलिन सुरू आहे. पहाटे तिची साखर उतरायची आणि तिला कळायचंच नाही. ना घाम, ना थरथर. सकाळी उठली की डोकं जड आणि बोलणं तुटक. बोटाला टोचून बघायचं तर पहाटे तीनला कोण उठणार? म्हणून डॉक्टरांनी सेन्सर सांगितला. पाचेक मिलिमीटर लांबीची केसासारखी तार कातडीखाली बसते आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजत राहते. वर प्लॅस्टिकची चकती आणि चकतीखाली गोंद लावलेलं पांढरं कापड. साखर उतरायला लागली की मोबाइल वाजतो. तो वाजला आणि आईला वेळेवर साखरपाणी देता आलं, असं आमच्या घरात घडलेलं आहे. म्हणूनच "खाजतं तर काढून फेका" हाही सल्ला मी मानत नाही.

पण खाजतं, हे खरंच. त्यात नागपूरचा उन्हाळा. एका प्रचलित सेन्सरच्या माहितीपत्रकात वापरासाठी १० ते ४५ अंश तापमान दिलं आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो आणि नवतप्यात घरातल्या भिंतीही हाताला गरम लागतात. दिवसभर कूलर चालतो. त्याच्या वाळ्याच्या ताट्यांतून गार पण ओली हवा येते, तिने घाम पुरता सुकत नाही. पट्टीखालची कातडी दोन आठवडे अशी दमट राहिली की पांढरट पडते, भिजून मऊ होते. मग पट्टी ओढली की वरचा पातळ थर तिच्याबरोबर निघून येतो. म्हाताऱ्या माणसाची कातडी आधीच पातळ, तिथे तर लगेच सोलल्यासारखं होतं. "केव्हाचं खाजून राहिलं आहे, काढून टाक ना बाप्पा," असं आई म्हणायला लागली, तेव्हा सेन्सरची मुदत बरीच उरलेली होती. एका सेन्सरला चार-पाच हजार रुपये पडतात. तिने पदराआडून बोटांनी कड उचलायला सुरुवात केली होती.

आम्हाला वेगळीच भीती होती. आईच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, जुना पांढरा डाग आहे. कितीतरी वर्षं लोकांना ते कोड वाटायचं. ते कोड नाही, टिकलीच्या गोंदाचा परिणाम आहे. त्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटाइलफिनॉल नावाचं रसायन असलं, तर काहींच्या कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी त्याने मरतात आणि डाग टिकलीच्याच आकाराचा उमटतो. अलाहाबादचे डॉ. ए. के. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिकलीच्या गोंदातल्या या रसायनावरचं काम १९९० मध्ये प्रसिद्ध केलं. आईची आई मेण लावून त्यावर पिंजर टेकवायची, तिच्या कपाळाला काही झालं नव्हतं. आईही पुढे मेणावरच आली. एका गोंदाने दगा दिलेल्या या बाईला दुसराही गोंद सोसणार नाही, असं आम्ही मनाशी धरून चाललो होतो.

रामदासपेठेतल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी दंड खिडकीपाशी नेऊन बघितला. त्यांनी विचारलेले प्रश्न मला फार उपयोगाचे वाटले. लाली पट्टीच्या हद्दीत आहे की बाहेर गेली? सेन्सर काढल्यावर दोन-तीन दिवसांत उतरते की आठवडाभर चढत जाते? पहिल्या सेन्सरपासून त्रास आहे, की बरेच दिवस काही नव्हतं आणि मग एकाएकी सुरू झालं? खाज जास्त की जळजळ जास्त? आईची लाली हद्दीतच होती, लवकर उतरायची आणि उन्हाळ्यातच वाढायची. म्हणजे हा घामाचा आणि ओढाओढीचा दाह, ॲलर्जी नव्हे. टिकलीची हकीकत त्यांनी लिहून मात्र घेतली.

तेव्हापासून सेन्सर बदलणं हे आमच्याकडे सकाळचं निवांत काम झालं. आंघोळ झाल्याबरोबर लावायचा नाही, अंग गार होऊ द्यायचं. दंड साध्या साबणाने धुवायचा. मऊपणा आणणारा, तेलकट साबण नको, त्याचा थर राहतो आणि गोंद धरत नाही. मग स्पिरिटचा बोळा आणि त्यानंतर खरंच वाट बघणं. ओल्या स्पिरिटवर चकती दाबली की ते आत कोंडतं आणि कातडी चुरचुरते. या वेळी कूलर बंद, पंखा सुरू. त्यावर बॅरिअर फिल्मचा हात. जखमेच्या किंवा स्टोमाच्या पिशवीभोवती वापरतात तोच हा पातळ द्राव, वाळला की कातडी आणि गोंद यांच्यामध्ये अदृश्य पापुद्रा तयार होतो. धंतोलीतल्या औषधांच्या दुकानांत मिळतो, नाही तर गंजीपेठेतल्या दवा बाजारात चौकशी करावी लागते. पापुद्रा पूर्ण वाळल्यावरच सेन्सर लावायच्या साधनाचा खटका दाबायचा आणि कड बोटाने गोलगोल दाबून बसवायची. वरून पारदर्शक पट्टी लावायची असेल तर चकतीवरचं बारीक छिद्र उघडं ठेवायचं.

काढणं हे लावण्याहून नाजूक काम आहे. खोबरेल तेलात भिजवलेला कापूस कडेला धरायचा आणि थांबायचं. तेल कापडात शिरताना दिसतं, पांढरं कापड हळूहळू पारदर्शक होत जातं. तेवढाच भाग सुटतो, तेवढाच उचलायचा. पट्टी वर ओढायची नाही. ती कातडीलगत मागे दुमडत न्यायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने कातडी खाली दाबत जायची. आई या वेळी गप्प बसून असते आणि मध्येच म्हणते, "घाई नको करू." पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर. आधीच्या जागेला तोवर पूर्ण सुट्टी, त्यावर फक्त साधं मॉइश्चरायझर.

इतक्याने आईचं भागलं. पण ज्याला खरी ॲलर्जी झाली, त्याचं यातल्या कशानेच भागणार नाही, आणि तो फरक त्याला कोणीतरी वेळेवर सांगायला हवा. ॲलर्जी पहिल्या दिवशी येत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा ते रसायन आधी ओळखून ठेवते, त्याला आठवडे लागतात, महिनेही लागतात. एकदा ओळख पटली की पुढचा प्रत्येक सेन्सर एक-दोन दिवसांत पेटतो, आणि ती ओळख सहसा पुसली जात नाही. बेल्जियमच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे असे पंधरा रुग्ण आले, सगळे फ्रीस्टाइल लिब्रे हा सेन्सर वापरणारे. त्यांनी सेन्सर उकलून रासायनिक पृथक्करण केलं आणि २०१७ मध्ये कारण प्रसिद्ध केलं: आयसोबॉर्निल ॲक्रिलेट. हे रसायन प्लॅस्टिकच्या भागांच्या जोडणीतलं आणि तिथून झिरपत कातडीपर्यंत पोचणारं. त्यामुळे नुसती फिल्म लावून ते नेहमी अडत नाही. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०२० साठी वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून त्याचीच निवड केली. पुढे कंपनीने ते आपल्या सेन्सरमधून काढलं. मला अस्वस्थ करणारी गोष्ट याआधीची आहे. बेल्जियममधूनच १९९५ मध्ये इन्सुलिन पंपाच्या एका रुग्णाबाबत हेच रसायन नोंदवलं गेलं होतं. मधल्या बावीस वर्षांत ते नव्या उपकरणांत वापरलं जात राहिलं.

ॲलर्जीची खात्री पॅच टेस्टने होते. संशयित पदार्थांच्या लहान वाट्या पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, मग पुन्हा एक-दोन दिवसांनी पाठ बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. नागपुरात मे महिन्यात हे कसं जमायचं? त्यामुळे ही तपासणी हिवाळ्यावर ढकलावी लागते. आणखी एक अडचण आहे. पॅच टेस्टच्या पदार्थांच्या आपल्याकडच्या नेहमीच्या भारतीय मालिकेत गाजर गवत आहे, राळ आहे, टिकलीच्या गोंदातल्या रसायनाच्या कुळातलं रेझिनही आहे. आयसोबॉर्निल ॲक्रिलेट नाही. म्हणजे ती तपासणी निर्दोष आली तरी सेन्सर निर्दोष ठरत नाही. ते रसायन वेगळं मागवून घ्यावं लागतं, आणि मागवायचं तर आधी त्याचं नाव माहीत हवं. साबणाच्या वेष्टनावर घटकांची यादी असते. दोन आठवडे अंगाला चिकटून राहणाऱ्या सेन्सरच्या खोक्यावर मात्र गोंदातल्या रसायनांची नावं नसतात. ती छापायला हवीत, असं माझं ठाम मत आहे.

ॲलर्जी ठरली की मार्ग असतात: वेगळ्या रसायनांचा सेन्सर, किंवा जखमेवर लावतात तशी हायड्रोकोलॉइडची जाडसर पट्टी मध्ये. काही डॉक्टर सेन्सरआधी कातडीवर नाकातला स्टेरॉइड स्प्रे मारायला सांगतात, पण तो त्यांच्याच सांगण्यावरून, आपल्या मनाने नव्हे. फोड आले, लस आली, तर सेन्सर त्याच दिवशी काढावा. मधुमेहात नखाने फुटलेल्या फोडाला जंतू लागायला वेळ लागत नाही.

आणि तक्रार लिहून द्यावी. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद घेण्यासाठी आपल्याकडे २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम आहे. गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन तो सांभाळतं, आणि तिथे डॉक्टरांबरोबर रुग्णही कळवू शकतो. त्यासाठी खोकं फेकायच्या आधी त्यावरचा लॉट नंबर उतरवून घ्यावा, सेन्सर लावल्याची आणि काढल्याची तारीख लिहावी, आणि फोटो तीन वेळा काढावा: काढल्याबरोबर, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने. फोटोत चट्ट्याशेजारी नाणं ठेवावं, म्हणजे आकार कळतो. वापरलेला सेन्सर झाकणाच्या डबीत ठेवून डॉक्टरांकडे न्यावा. आईच्या सेन्सरच्या नोंदी मी तिच्या इन्सुलिनच्या वहीत मागच्या पानांवर ठेवते.